बेकिफाची गुशेशे

बेकिफाची गुशेशे थोकोझाच्या चौकात गिरक्या घ्यायला लागली की टायरांचा धूर इतका उठायचा, की विमानतळावर उतरायला आलेली विमानं ढग समजून मागे फिरायची. खोटं वाटत असेल तर त्या वेळच्या वैमानिकांना विचारा. त्यातला एक तर सरळ डर्बनला जाऊन उतरला, आणि फुकटात समुद्र दिसला म्हणून प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी चौकोनी, बिस्किटाच्या पुड्यासारखी. सहा सिलिंडर एका रांगेत आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. तीस वर्षं बेकिफाने ती चालवली आणि तीस वर्षं मी ती दुरुस्त केली. त्याच्या पायाखाली ती गु-शे-शे, गु-शे-शे असं बोलायची. फिरत्या गाडीच्या खिडकीतून तो बाहेर यायचा, टपावर बसायचा, बूट काढून त्यातला खडा झटकायचा, बूट परत घालायचा, आणि गाडी आपली फिरतेच आहे. एकदा तर खाली उतरून कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव घेऊन आला. पाव शिळा निघाला, तो बदलून आणला. गाडी फिरतेच आहे.

मला सगळी वस्ती मालुमे म्हणते, म्हणजे मामा. मला बहीण एकही नाही, भाचे मात्र हजारभर. फक्त बेकिफा आणि त्याची बायको मादुबे मला माझ्या कुळाच्या नावाने हाक मारायचे, राडेबे म्हणून.

बेकिफाचा मुलगा सांदिसो मिडरँडला विम्याच्या कचेरीत असतो. दोन वर्षांपूर्वी त्याने नवी स्पोर्ट्स कार घेतली आणि बापाला दाखवायला आणली. निळी, बुटकी, उन्हात पसरलेल्या मगरीसारखी. दाराला मूठच नाही. तुम्ही जवळ गेलात की ती आपण होऊन बाहेर येते, आणि तुमचा चेहरा आवडला नाही तर येत नाही. सीट बूड शेकून देते. रस्ता चुकलात तर एक बाई गोड आवाजात सांगते, आणि ऐकलं नाही तर तेच पुन्हा तितक्याच गोड आवाजात सांगते. असली बाई मी जन्मात पाहिली नाही.

बेकिफाने गाडीभोवती एक चक्कर मारली.

"घोडे किती?"

"पाचशे, बाबा."

"आणि मागच्या चाकांना त्यातले किती?"

"ते ठरलेलं नसतं. चारही चाकांना वाटून जातात. कॉम्प्युटर ठरवतो."

"म्हणजे घोडे तुझे आणि लगाम त्याच्या हातात." बेकिफा माझ्याकडे वळला. "राडेबे, पोराने चाकांवरचा फ्रीज आणलाय. दूध ठेव आत, नासेल बाहेर."

गल्ली हसली. मी सगळ्यात मोठ्याने हसलो. सांदिसो गाडीत बसला आणि निघून गेला. त्यानंतर वर्षभर त्याने बापाला फोनसुद्धा केला नाही.

मग बेकिफाला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ तेवढी शाबूत राहिली. त्याचा पलंग खिडकीला लावला, आणि खिडकीखाली अंगणात ताडपत्री पांघरलेली गुशेशे. गाडी दिसायची नाही, पण तिथं आहे हे त्याला माहीत असायचं. रविवारी मादुबे लाल ब्लाउज आणि पांढरी कॉलर घालून चर्चला गेली की मी यायचो, अर्धी ताडपत्री उचलायचो आणि इंजिन चालू करायचो. बेकिफा डोळे मिटून ऐकायचा.

एका रविवारी तो म्हणाला, "पोराला फोन लाव." मी लावला. त्याने डाव्या हाताने फोन खिडकीबाहेर धरला. "ऐक, फ्रीजवाल्या!"

मी रेस दिली. मग मिडरँडच्या कुठल्याशा पार्किंगमधून नव्या गाडीची गुरगुर आली.

"सर्दी झालीय तिला," बेकिफा म्हणाला.

"तुमचीला दमा झालाय, बाबा," सांदिसो म्हणाला.

एवढंच. पण पुढच्या रविवारी दहाच्या ठोक्याला फोन तिकडून आला. आणि त्याच्या पुढच्याही. बापलेकांना जे तोंडाने बोलता येत नव्हतं, ते दोन गाड्या बोलायला लागल्या.

आता आमच्याकडे रेस कशी देतात ते सांगतो. उभ्या गाडीला, जागच्या जागी, सुई लाल रेघेच्या पार जाऊन थरथरेपर्यंत. लग्नात देतात, मयताला देतात, तुरुंगातून सुटून आलेल्याला देतात. इंजिनाने किंचाळलं पाहिजे, नाहीतर मान दिला असं कुणी धरत नाही. शहाणा मेकॅनिक असं करणार नाही हे मला कळतं. मी शहाणा मेकॅनिकही आहे आणि थोकोझाचाही आहे, आणि अशाच एका रविवारी, सांदिसो फोनवर असताना, थोकोझाचा जास्त होतो.

"अजून!" बेकिफा खिडकीतून ओरडला.

मी अजून दिली.

"अजून, राडेबे! मी मेलो नाहीये अजून!"

मी पेडल तळाला टेकवलं. कनेक्टिंग रॉड तुटला आणि इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, आणि माझ्या बुटांभोवती काळं तेल पसरलं. तीस वर्षांत त्या इंजिनाचा एक स्क्रूही मी वाकडा बसवला नव्हता.

वर बेकिफा हसत होता. अर्ध्या तोंडाने, लाळ गाळत, पण पोट दुखेपर्यंत हसत होता. "ऐकलंस, सांदिसो? बार काढला म्हातारीने! तुझ्या फ्रीजला सांग!"

त्याला वाटलं, नुसता सायलेन्सरचा बार आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं, गाडी गेली. पण दोन शब्दांत मी आयुष्यात काही सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी दारूच्या गुत्त्यावरून मोठा स्पीकर मागून आणला आणि ताडपत्रीखाली सारला. माझ्या फोनवर एक जुनी फिल्म होती, सहा वर्षांपूर्वीची, बेकिफा मैदानात गाडी फिरवतोय त्याची. आवाज त्याच गाडीचा, पाय त्याचाच. म्हणजे खोटं अगदीच खोटं नव्हतं, असं मी स्वतःला बजावलं. एका डब्यात निखारे घेऊन त्यावर टायरचा तुकडा टाकला, खिडकीकडे वास जावा म्हणून.

फिल्म संपल्यावर बेकिफा म्हणाला, "चौथा सिलिंडर मार खातोय."

"बघतो."

पुढच्या रविवारी तीच फिल्म. "आता सुधारला," तो म्हणाला. "तुझ्या हाताला तोड नाही."

असे आठ महिने गेले.

तो मंगळवारी गेला. बुधवारी मी आत गेलो तेव्हा सुतकाच्या रीतीप्रमाणे खोलीतलं सामान काढून टाकलेलं होतं, आणि मादुबे जमिनीवरच्या गादीवर खांद्यावर घोंगडी घेऊन बसली होती. सांदिसो भिंतीला टेकून होता.

"त्याने एकच मागणं मागितलंय," मादुबे म्हणाली. "शनिवारी पुरताना खड्ड्यापाशी त्याची गाडी फिरली पाहिजे. गाडीने निरोप दिला नाही तर मी जाणार नाही म्हणाला, दारातच घुटमळत राहीन. राडेबे, तू फिरव."

मग मी तोंड उघडलं, आणि जन्मभर ज्या गाडीची टिंगल केली तिचं गुणगान सुरू केलं.

"मादुबे, म्हातारी आता थकली. सांदिसोची गाडी बघ. पाचशे घोडे आहेत. पायाखाली वीज आहे. गुशेशेला गरम व्हायला दहा मिनिटं लागतात, ही बटण दाबलं की तयार. ब्रेक कसले आहेत! माशी बसली तरी थांबते. आपल्या बेकिफाला चांगल्यातलं चांगलं मिळायला नको? जुन्या डब्यातून कशाला निरोप द्यायचा?"

मादुबे माझ्याकडे बघत राहिली. सांदिसोने मान खाली घातली. मला वाटलं, पटलं त्याला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

"मालुमे, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तू हे बोलतोयस," तो म्हणाला. "पण नको. बाबांचंच खरं होतं. माझ्या गाडीचा अर्धा आवाज स्पीकरमधून येतो, माहितेय? आत बसणाऱ्याला मोठं इंजिन आहे असं वाटावं म्हणून भरून ठेवलेला असतो. मी दर रविवारी बाबांना तो स्पीकर ऐकवत होतो, आणि ते मला खरं इंजिन ऐकवत होते. शनिवारी खरीच फिरली पाहिजे."

मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

गुरुवारी मी जर्मिस्टनपासून हायडेलबर्गपर्यंत भंगाराची सगळी आवारं पालथी घातली. तसलं इंजिन आता सोन्यासारखं झालंय. असलं तरी गाडीत असतं आणि गाडी फिरत असते. शेवटी व्होस्लुरसला पापिकीकडे गेलो. त्याच्याकडे तसलीच गुशेशे आहे, पांढरी. तो अंगणात ज्वारीची बियर पीत बसला होता.

"पापिकी, शनिवारी तुझी गाडी दे."

"का? बेकिफाची आहे की."

"तिचं इंजिन मेलंय. आठ महिने झाले."

पापिकीच्या नाकातून बियर आली. "परवाच्या रविवारी माझी बायको तुमच्या गल्लीत होती. म्हणाली, म्हातारी काय गातेय!"

"तो फोन होता. स्पीकरवर लावलेला."

"हां. आणि बिछान्यात बेकिफा नव्हता, टीव्ही होता."

"देवाशपथ सांगतो, पापिकी."

"कुठल्या देवाची? जो पाव बदलून आणायला गेला होता त्याची?" त्याने डोळे पुसले. मग गंभीर झाला. "मालुमे, गंमत पुरे. मेलेल्याची स्वतःची गाडी दारात उभी असताना दुसऱ्याने त्याच्या खड्ड्यापाशी फिरवायची नाही. हे तूच शिकवलंस आम्हाला. तसं केलं तर बेकिफा मला काय म्हणेल? म्हणेल, पापिकी माझ्या मयतावर मिरवायला आला."

मी हात धरला त्याचा. त्याला वाटलं मला चढलीय. त्याने मला घरापर्यंत सोडलं.

शुक्रवारी दुपारी शवपेटी घरी आली. अंगणात तंबू लागला होता, मागे बायका मोठ्या पातेल्यांपाशी होत्या. सांदिसो बादली, साबण आणि फडकं घेऊन खिडकीखाली आला.

"मी धुतो तिला," तो म्हणाला. "लहानपणी बाबा हात लावू द्यायचे नाहीत."

"मी धुतो ना. तू पाहुण्यांकडे बघ."

"नाही, मालुमे. एवढं मला करू दे."

त्याने ताडपत्री ओढली. धूळ उडाली. पुढचे दोन्ही टायर बसलेले होते. तो आत बसला, किल्ली फिरवली. किल्लीने टक्‌ केलं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्‌. मग खाली उतरून त्याने बॉनेट उघडलं.

ब्लॉकच्या कुशीत मूठ जाईल एवढं भोक होतं. कडेला तेल सुकून डांबरासारखं झालं होतं. भोकात कोळ्याने जाळं विणलं होतं, आणि तेही जुनं होऊन फाटलं होतं. बंपरजवळ गुत्त्याचा स्पीकर होता, त्यावर गुत्त्याचं नाव लाल रंगात.

त्याने वायर उचलली आणि ती कुठे जाते ते बघत राहिला. तिचं टोक माझ्या फोनला लागतं हे त्याला सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?"

"बार झाला होता ना..."

"तो बार होता?"

"तो हा."

सांदिसो बादलीच्या काठावर बसला. "मग मी आठ महिने कुणाशी बोलत होतो?"

"बाबांशी. ते हसत होते ते खरं होतं, पोरा."

"ते कशाला हसत होते?"

मी वायर गुंडाळायला लागलो.

"माझी स्पीकरवर, त्यांची स्पीकरवर," तो म्हणाला. त्याने ताडपत्री परत ओढली, चारी कोपरे नीट खोचले. "आज आईला सांगू नकोस. उद्या माझी फिरेल."

शनिवारी सकाळी दफनभूमी माणसांनी भरली. तीन बसगाड्या, शिवाय गिरक्यावाले सगळे, पापिकी पांढरी गाडी घेऊन मानाने मागे उभा. पाद्र्याचं झालं, पेटी खाली गेली. लोकांनी पलीकडच्या मोकळ्या जागेत गोल केला, अगदी जवळून, हात लांब केला तर गाडीला लागेल इतका. आमच्याकडे असाच करतात. निळी गाडी मध्ये आली तेव्हा कुजबुज झाली.

सांदिसोने चाकं पूर्ण वळवली आणि पाय दाबला. गाडी उसळली आणि कचकन थांबली. तिला समोर माणूस दिसला होता. त्याने पुन्हा दाबला. दुसरा माणूस दिसला, पुन्हा थांबली. आत काहीतरी पिंग-पिंग वाजत होतं.

"मागे व्हा जरा!" कुणीतरी ओरडलं. गोल मोठा झाला. पुन्हा पिंग. अजून मागे. अजून. शेवटी लोक रस्त्याला टेकले, म्हाताऱ्या दुसऱ्यांच्या थडग्यांवर चढून उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे गाडी फिरली. सुबक, मोठ्या वर्तुळात, धूर नाही, आवाज नाही, चारही चाकं जमिनीला धरून. पार्किंगला जागा शोधणाऱ्या माणसासारखी.

एक बाई हसली आणि तिने लगेच तोंडावर हात ठेवला.

सांदिसोने आतली बटणं दाबली, सगळी बंद केली असावीत. पाय तळाला टेकवला. पुढची चाकं एकीकडे ओढायला लागली, मागची दुसरीकडे. गाडी तिरकी घसरत थेट खड्ड्याकडे निघाली. बायका किंचाळल्या. खड्ड्यापासून हातभर अंतरावर तिने स्वतःच स्वतःला आवळलं आणि बंद पडली. काचेमागे पडद्यावर अक्षरं आली, चालकाने विश्रांती घ्यावी.

मादुबे घोंगडीखालून उठली.

"बेकिफाची कुठंय?" तिने विचारलं. सांदिसोला नाही, मला.

मी टोपी काढली. "तिचं इंजिन फुटलंय, मादुबे. आठ महिन्यांपूर्वी. मीच फोडलं. रविवारी वाजत होता तो माझा फोन होता."

मागून पापिकीचा आवाज आला, "मालुमे, आज तरी नको रे!" आणि दोघं-तिघं हसले.

"खरं सांगतोय तो," सांदिसो गाडीतून उतरत म्हणाला. मग कुणी हसलं नाही.

मादुबे बोलली तेव्हा आवाज चढलेला नव्हता. "रविवारी तो मला म्हणायचा, आज जाऊ नको, बस माझ्यापाशी. मी म्हणायची, राडेबे येतोय, तुझी गाडी आहे, तुला माझी काय गरज. रडायचा कधीकधी. मला वाटायचं आजारामुळे." तिने घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली. "झाका त्याला."

आमच्यात खड्डा पुरुष भरतात. एकाने चार फावडी माती टाकायची आणि फावडं पुढच्याच्या हातात द्यायचं. मी रांगेत उभा राहिलो. पापिकीने टाकली, त्याच्या भावाने टाकली, चर्चच्या कोषाध्यक्षाने टाकली. माझ्याआधी सांदिसो होता. त्याने चार फावडी टाकली, मग पाचवं, मग सहावं. मी हात पुढे केला. त्याने फावडं माझ्या डोक्यावरून मागच्या माणसाला दिलं. त्या माणसाने डोळे खाली घालून ते घेतलं.

माती भरली. लोक बसमध्ये बसून जेवायला गेले. निळी गाडी तिथंच होती, ताज्या मातीपासून हातभर. ढकलायला सहाजण लागले, पण तिची चाकं आतून कुलूप लावल्यासारखी होती, इंचभर हलली नाहीत. तेही गेले. सांदिसो आत काचा लावून टो करणाऱ्या ट्रकची वाट बघत बसला.

मला दुसरं काही येत नाही. मी बॉनेटची कळ शोधली आणि ते उचललं. आत एक मोठं काळं प्लास्टिकचं झाकण होतं, गुळगुळीत, इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. बोट घालायला फट नाही. मी हात फिरवत राहिलो, कुठे नट लागतोय का बघत.

काच थोडी खाली आली.

"राहू दे, मालुमे," सांदिसो म्हणाला. "हात लावू नकोस."